कळ: युद्धाच्या गेममध्ये दुःख कुठून आलं

२००० नंतरच्या काही वर्षांत सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी 'प्रोजेक्ट आयजीआय' खेळला, त्यांना डेव्हिड जोन्स आठवत असेल. एकटा माणूस, हातात बंदूक आणि समोर शत्रूचा तळ. गोळी लागली की पहारेकरी कोसळायचा आणि आपण पुढे सरकायचो. मिशन अर्ध्यावर असताना सेव्ह करायची सोय त्यात नव्हती. त्यामुळे मेल्यावर हळहळ वाटायची ती वाया गेलेल्या अर्ध्या तासाची. पडलेल्या पहारेकऱ्याला नाव नव्हतं, आणि ते नसल्याचं आम्हाला जाणवतही नव्हतं.

पण युद्धाच्या गेममध्ये दुःखाची एक वेगळी वाट तोवर वीस वर्षं चालत आली होती. मराठीत 'कळ' शब्दाचे दोन अर्थ आहेत: यंत्राची कळ आणि काळजात उठते ती कळ. या गेमचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांमधलं अंतर मिटत गेल्याचा इतिहास, असं मला वाटतं. पडद्यावर कुणी मेलं आणि मागे व्हायोलिन वाजलं एवढ्याने खेळाडू हलत नाही. ज्या बोटाने इतका वेळ गोळ्या झाडल्या, त्याच बोटाकडून गेम काहीतरी मागतो किंवा त्याच्या हातून काहीतरी काढून घेतो, तेव्हा तो हलतो. (पुढे बऱ्याच गेमचे शेवट सांगितले आहेत. खेळायचे राहिले असतील त्यांनी जपून वाचावं.)

सुरुवात १९८० ची. अटारीच्या 'मिसाइल कमांड'मध्ये वरून क्षेपणास्त्रांच्या रेघा उतरत येतात. खाली तीन तळ आणि सहा शहरं असतात. खेळाडूने ती क्षेपणास्त्रं फक्त अडवायची, उलट हल्ला करायचा नाही. गेम बनवणारे डेव्ह थ्युरर यांचा तसा आग्रहच होता. हा गेम जिंकता येत नाही. वेग वाढत जातो, एकेक शहर विझत जातं आणि शेवटी 'गेम ओव्हर' या नेहमीच्या शब्दांऐवजी 'द एन्ड' अशी अक्षरं झळकतात. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. खुद्द थ्युरर यांना अणुस्फोटाची स्वप्नं पडत. त्या पडद्यावर एकही माणूस दिसत नाही, आणि तरीही माझ्या मते युद्धाच्या गेममधला हा पहिला खरा शोकाचा क्षण आहे.

माणूस आला १९९३ मध्ये, 'कॅनन फॉडर'बरोबर. तोफेच्या तोंडी द्यायची माणसं, असा या नावाचाच अर्थ. सेन्सिबल सॉफ्टवेअर या ब्रिटिश कंपनीने अमिगा संगणकासाठी केलेला हा गेम. त्यातले सैनिक नखाएवढे, पण प्रत्येकाला नाव होतं. जूल्स, जॉप्स, स्टू अशी साधी, मित्रांना हाक मारावी तशी नावं. दोन मिशनच्या मध्ये एक हिरवी टेकडी दिसायची. पायथ्याशी नव्या भरतीची रांग, आणि मेलेल्या प्रत्येकामागे टेकडीवर एक थडगं. खेळ पुढे सरकेल तशी टेकडी थडग्यांनी भरत जायची आणि खाली रांग चालूच राहायची. मिशन संपलं की गेलेल्यांची नावं पडद्यावर यायची. गेमसाठी पॉपीचं लाल फूल वापरलं म्हणून ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. महायुद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचं ते फूल, आणि रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने त्याच्या वापराला हरकत घेतली. संस्थेचं दुखावलं जाणं मी समजू शकतो. पण त्या टेकडीइतकं सरळ युद्धविरोधी चित्र तोवर कुठल्याही गेममध्ये आलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

नंतर सीडी आली, आवाज आले, चेहरे आले. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या कल्पनेतून १९९९ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर' निघाला. त्याच मालिकेतल्या २००२ च्या 'अलाइड असॉल्ट'ने खेळाडूला दुसऱ्या महायुद्धातल्या, नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरवलं. तो गेम करणाऱ्यांपैकी काही जणांनी बाहेर पडून इन्फिनिटी वॉर्ड काढली, आणि २००३ मध्ये पहिला 'कॉल ऑफ ड्यूटी' आणला. त्यातलं स्टालिनग्राड आठवा. व्होल्गा ओलांडून आलेल्या सैनिकांत एकाला रायफल मिळते, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. खेळाडूच्या हाती गोळ्याच पडतात. बंदुकीच्या गेममध्ये बंदूकच नाही. हात रिकामा ठेवून खेळाडूला अस्वस्थ करण्याची ही युक्ती पुढे फार कामाला आली.

मात्र खरी कलाटणी जपानमधून आली. हिदेओ कोजिमा यांचा 'मेटल गिअर सॉलिड ३: स्नेक ईटर' २००४ मध्ये निघाला. कथा १९६४ ची. नायक स्नेकला ज्या बाईने घडवलं, लढायला शिकवलं, त्या 'द बॉस'नेच देश सोडून शत्रूशी हातमिळवणी केली आहे आणि तिला मारायचं काम त्याच्यावर आलं आहे. त्याआधी एक नदी लागते. उथळ पाणी, धुकं, आणि समोरून चालत येणारे मृतात्मे. हे आत्मे म्हणजे खेळाडूने तोवर मारलेली माणसं. ज्याने जपून, कमीत कमी जीव घेत वाट काढली, त्याची नदी लवकर सरते. ज्याने दिसेल त्याला गोळी घातली, त्याला कितीतरी वेळ त्या रांगेतून चालावं लागतं. शस्त्र चालत नाही, नुसतं चालत राहायचं. आयजीआयमधल्या त्या बिननावाच्या पहारेकऱ्याची मला पहिल्यांदा आठवण झाली ती इथे.

शेवटची झुंज पांढऱ्या फुलांच्या माळावर होते. द बॉस हरते, आडवी पडते. स्नेक बंदूक रोखतो, आणि चित्र थांबतं. खेळाडूला आधी वाटतं की हा नेहमीसारखा मधला चित्रपट आहे, आपण नुसतं बघायचं. क्षण जातात, काहीच घडत नाही. मग लक्षात येतं की गेम आपली वाट बघतोय. कळ आपणच दाबायची आहे. दाबल्यावर फुलं लाल होतात. ती फितूर नव्हतीच, हुकमाप्रमाणे बदनामी पत्करून मरायला आली होती, हे सगळं नंतर कळतं, तिच्या थडग्याला स्नेक सलाम करतो त्याच्या थोडं आधी. कोजिमा तो चाप स्नेकलाच ओढू देऊ शकले असते. तसं केलं असतं तर एक चांगला प्रसंग झाला असता, इतकंच.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, गिअरबॉक्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स: रोड टू हिल ३०' आला. नॉर्मंडीतले जून १९४४ चे दिवस, अमेरिकेची १०१ वी हवाई तुकडी आणि नाइलाजाने नायक झालेला मॅट बेकर. खेळाडू स्वतः लढतो त्याहून जास्त आपल्या माणसांना पाठवतो: तुम्ही इथून गोळीबार करून शत्रूला दाबून धरा, तुम्ही बाजूने जा. चुकीच्या जागी पाठवलं की ते मरतात. त्यात एक उणीव मला कायम खटकली. लढाईत मेलेला सोबती पुढच्या प्रकरणात परत उभा दिसतो. कायमचा जातो तो फक्त कथेला हवा तेव्हाच. 'फायर एम्ब्लेम' या जपानी गेममध्ये १९९० पासून मेलेला मेला, असा नियम होता. तो इथे असता तर बेकरच्या खांद्यावरचं ओझं आपल्याही खांद्यावर आलं असतं.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांना मात्र पहिला धक्का बसला तो २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर'मध्ये. सार्जंट पॉल जॅक्सन म्हणून आपण काही मिशन खेळलेलो असतो. शहरात अणुबॉम्ब असल्याची खबर येते, सगळी हेलिकॉप्टरं माघारी फिरतात, आणि पाडलेल्या हेलिकॉप्टरमधल्या वैमानिक बाईला सोडवायला आपण मागे थांबतो. तिला उचलून आणतो, उड्डाण होतं. सुटलो असं वाटतं तोच स्फोट होतो. पडद्यावर अंधार. जाग येते ती मोडक्या हेलिकॉप्टरमध्ये. आपल्याला हलता येतं, म्हणून आपण हलतो. सरपटत बाहेर येतो, चार पावलं टाकतो, आकाशात तो ढग दिसतो आणि जॅक्सन पडतो. वाचायची काहीच सोय नाही. मी तेव्हा तो भाग तीनदा खेळलो, कारण बाहेर पडायची वाट नक्की असणार अशी खात्री होती. कळा सगळ्या चालत होत्या, पण कशाचाच उपयोग नव्हता.

ही युक्ती चालली म्हटल्यावर ती झिजवलीही गेली. २००९ च्या दुसऱ्या भागात वरिष्ठ अधिकारी शेफर्ड आपल्याच माणसांना गोळ्या घालून पेटवून देतो. त्याच गेममधल्या विमानतळावरच्या कत्तलीवरून जगभर वाद झाला. २०११ च्या तिसऱ्या भागात, पहिल्या भागापासून सोबत असलेला सोप मॅकटॅव्हिश त्याचा कॅप्टन प्राइसच्या डोळ्यांदेखत जातो. सोपच्या मरणाने अनेकांना खरंच रडवलं, पण ते रडू चार वर्षांच्या सोबतीचं होतं.

आणि २०१४ मध्ये याच मालिकेच्या 'अॅडव्हान्स्ड वॉरफेअर'मध्ये मित्राच्या शवपेटीपुढे उभ्या खेळाडूला सूचना आली: आदरांजलीसाठी 'एफ' दाबा. लोक हसले. आज कुणाचा फोन फुटला तरी मुलं चॅटमध्ये नुसतं 'एफ' लिहितात, त्याचा उगम इथे आहे. कोजिमांच्या माळावरही एकच कळ होती. पण तिथे ती दाबायची इच्छा नव्हती आणि दाबल्यावाचून सुटका नव्हती. इथे तिच्यामागे काहीच नव्हतं.

दोन्हींच्या मध्ये २०१२ चा 'स्पेक ऑप्स: द लाइन' येतो. बर्लिनच्या येगर कंपनीने केलेला, वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत घडणारा. कॅप्टन वॉकर शत्रूवर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो. खेळाडूला दिसतो तो संगणकाचा पडदा, त्यावर हलणारे पांढरे ठिपके आणि काचेत उमटलेला वॉकरचा चेहरा. ठिपके विझवायचे, एवढंच काम. मग गेम आपल्याला खाली उतरवून त्या जळलेल्या माणसांमधून चालवतो. शेवटी ते नागरिक दिसतात. लेकराचे डोळे झाकून धरलेली आई दिसते. फॉस्फरस न वापरता पुढे जायची सोय गेमने ठेवलेली नाही, आणि तरी दोष खेळाडूला देतो, हा त्याच्यावरचा आक्षेप मला पटतो. तरीही मागच्या सगळ्या गेममध्ये मी किती ठिपके असेच विझवले, हा प्रश्न त्याने मनात रुतवला तो रुतवलाच. गेम फारसा खपला नाही. २०२४ च्या सुरुवातीला परवान्यांची मुदत संपली म्हणून तो ऑनलाइन दुकानांतूनही काढून घेण्यात आला.

त्यानंतरचे सगळ्यात हळवे युद्धगेम बंदूक खाली ठेवून आले. युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओचा 'व्हॅलिअंट हार्ट्स' २०१४ चा, पहिलं महायुद्ध सुरू झाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हाचा. चित्रं एखाद्या चित्रकथेसारखी. नायक एमिल, एक म्हातारा होत आलेला फ्रेंच शेतकरी. जावई कार्ल जर्मन, म्हणून तो पलीकडच्या सैन्यात. १९१७ च्या एप्रिलमधल्या फसलेल्या नीव्हेल चढाईत एक अधिकारी माणसांना पुन्हा पुन्हा मशीनगनसमोर लोटतो, आणि एमिल त्याच्या डोक्यात फावडं घालतो. शिक्षा ठरलेली. मृत्युस्तंभापर्यंत एमिलला आपणच चालवायचं असतं, पुढे जायची एकच कळ दाबून, आणि मागे त्याचं मुलीला लिहिलेलं शेवटचं पत्र ऐकू येत राहतं. बोट उचललं की तो थांबतो. मी बराच वेळ बोट उचलून बसलो होतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वॉर्सातल्या ११ बिट स्टुडिओजचा 'धिस वॉर ऑफ माइन' आला. त्यात आपण सैनिक नाहीच. वेढा पडलेल्या शहरात, पडक्या घरात दिवस काढणारी तीन-चार माणसं. प्रेरणा १९९२ ते १९९६ च्या सारायेव्होच्या वेढ्याची. दिवसा चूल, पाणी, औषधं. रात्री बाहेर पडून मिळेल ते गोळा करणं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. ते विरोध करत नाहीत, नुसती गयावया करतात. त्यांचा शिधा उचलला तर आपली माणसं जगतात, पण चोरी करून आलेला खचतो, बोलेनासा होतो. काही दिवसांनी परत त्या घरी गेलं की काय दिसेल याचा अंदाज असतो, तरी पाय वळतात. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम मोठ्या विद्यार्थ्यांच्या शिफारशीच्या यादीत घेतल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा कंपनीने या गेमची आठवड्याची कमाई युक्रेनच्या रेडक्रॉसला दिली.

मोठ्या कंपन्यांनी यातून काय घेतलं, ते पहिल्या महायुद्धावरच्या, २०१६ च्या 'बॅटलफिल्ड १'च्या सुरुवातीलाच दिसतं. तुम्ही जगाल अशी अपेक्षा नाही, असं पडद्यावर लिहून येतं आणि लढाई सुरू होते. आपण मरतो. एक नाव उमटतं, जन्मवर्ष आणि मृत्यूचं वर्ष, आणि लगेच आपण दुसऱ्या सैनिकाच्या अंगात असतो. पुन्हा मरतो, पुन्हा एक नाव. 'कॅनन फॉडर'ची टेकडीच ती, तेवीस वर्षांनी उतरून खंदकात आलेली.

याच गेममध्ये मित्रांबरोबर खेळायचा एक नकाशा आहे, फाओचा किल्ला. इराकच्या दक्षिण टोकावरचं हे फाओ. नोव्हेंबर १९१४ मध्ये तिथे प्रत्यक्षात उतरली होती ती ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ही डिव्हिजन पुढे तायग्रिसच्या काठाने वर सरकत कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडली, उपासमारीने जेरीस आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. नकाशावर गडी एकमेकांना भिडतात, मरतात, काही सेकंदांत परत उभे राहतात. सुरुवातीच्या लढाईतली ती नावं आणि वर्षं इथे येत नाहीत.

साताऱ्याकडच्या, कोकणातल्या काही गावांत अजून इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. त्या पाट्यांवर आकडे आहेत. नावं नाहीत.