टॅबलेट चार्जिंगला नकार देतो तेव्हा

कपाटात तीन महिने पडून असलेला टॅबलेट बाहेर काढला, चार्जरला जोडला, दहा मिनिटं वाट पाहिली, तरी पडदा काळाच. बहुतेक जण इथेच 'बॅटरी गेली' म्हणून मोकळे होतात. पण तो टॅबलेट तसाच तासभर चार्जरला लावून ठेवावा. पुष्कळदा तो जागा होतो.

टॅबलेटच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज साधारण ४.२ व्होल्ट असतं. ते ३ च्या आसपास उतरलं, की टॅबलेट स्वतःहून बंद होतो. मात्र बंद झाल्यावरही आतली काही सर्किटं थेंबथेंब वीज पीत राहतात आणि सेल आपोआपही थोडा उतरतो. व्होल्टेज फारच खाली गेलं, तर सेलमधल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. पुढे चार्जिंग करताना ते भलत्याच जागी जमलं, तर सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून चार्जिंग सांभाळणारी चिप आधी अगदी बारीक धार सोडते, नेहमीच्या प्रवाहाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. सेल सावरला, तरच ती पुढे जाते. फार खाली गेलेल्या सेलला ती हातच लावत नाही. सेल सावरेपर्यंत पडद्याला देण्याइतकी वीज शिल्लक नसते, म्हणून आपल्याला वाटतं की काहीच घडत नाहीये.

आपण समजतो, चार्जर वीज ढकलतो आणि टॅबलेट ती भरून घेतो. प्रत्यक्षात किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे टॅबलेट ठरवतो. म्हणूनच ६५ वॅटचा चार्जर १० वॅटच्या टॅबलेटला लावला, तरी तो जळत नाही. चार्जिंग होत नसेल, तर टॅबलेट कशाला नकार देतोय ते शोधावं लागतं.

चार्जरची ओळख पटली नाही, हे एक कारण. संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टला ०.५ अँपिअर मिळतो, म्हणजे फक्त अडीच वॅट. टॅबलेटची बॅटरी ८००० मिलिअँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात सुमारे ३० वॅट-तास मावतात. अडीच वॅटनं ती भरायला बारा तासांहून जास्त लागतील. त्यात पडदा चालू असेल, तर येतं त्याहून जास्त खर्च होतं आणि टक्के चार्जरला लावूनही उतरतात. जुन्या पद्धतीच्या भिंतीवरच्या चार्जरमध्ये डेटाच्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. तेवढ्या खुणेवरून टॅबलेट ओळखतो, की इथून जास्त वीज घेता येईल. टाइप-सीमध्ये, म्हणजे उलटसुलट कशीही बसणाऱ्या पिनच्या पद्धतीत, तर टॅबलेटच्या बाजूला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा भाग, असतो. तो दिसल्याशिवाय दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर वीज सोडतच नाही. काही स्वस्त उपकरणांत हा चिमुकला भाग वगळलेला असतो. मग ती एका टोकाला जुनी चौकोनी पिन असलेल्या केबलनं चार्ज होतात, दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलनं मात्र नाही, आणि वापरणारा चांगला चार्जर टाकून देतो.

मला स्वतःला सगळ्यात आधी संशय येतो तो केबलचा, आणि त्यामागे साधा ओहमचा नियम आहे: प्रवाह गुणिले तारेचा रोध, इतके व्होल्ट तारेतच पडतात. बारीक, २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. एक मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे दोन मीटर तार, रोध ०.४२ ओहम. २ अँपिअर वाहिले, की ०.८४ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. चार्जरनं ५ दिले, टॅबलेटला पोचले ४.१६, आणि भरत आलेला सेल तर ४.२ चा! केबल दोन मीटरची असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. व्होल्टेज पडलेलं दिसताच चिप प्रवाह कमी करते आणि चार्जिंग रांगू लागतं. म्हणून जाड तारेची आखूड केबल लावून पाहणं, ही सर्वांत स्वस्त तपासणी.

यानंतर पोर्ट. खिशातले, पिशवीतले धागे आत जातात आणि पिन खुपसताना आपणच ते दाबून घट्ट बसवतो. पिन पूर्वीसारखी 'टक्' करून बसत नसेल, थोडी बाहेर राहत असेल, तर टॅबलेट बंद करून, उजेडात पाहून, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीनं हलक्या हातानं कचरा काढावा. सुई नको. टाइप-सीची पिन उलटी करूनही पाहावी. ओळख पटवणारा संपर्क प्रत्येक बाजूला वेगळा असतो. एका बाजूनं चार्जिंग होत असेल आणि दुसऱ्या बाजूनं नाही, तर बहुधा पोर्टमधला एक संपर्क मळला किंवा झिजला आहे. पोर्ट ओला असेल, तर तो पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नये. ओलाव्यात वीज सोडली, की संपर्क गंजतात.

तापमानाचंही तसंच. सेल शून्याखाली गार असताना चार्ज केला, तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू बनून साचतो. ४५ अंशांच्या वर त्याची झीज वाढते. दोन्ही टोकांना चार्जिंग थांबवलं जातं. उन्हात तापलेला टॅबलेट सावलीत निवू द्यावा, एवढंच.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: सॉकेट, मग अडॅप्टर, मग केबल. तिन्ही एकदम बदलले, तर दोष कुठे होता ते कळत नाही. पॉवरचं बटण बराच वेळ दाबून टॅबलेट पुन्हा सुरू करणंही यातच आलं, कारण कधी कधी अडकलेलं असतं ते सॉफ्टवेअर.

एका बाबतीत मात्र काहीही करून पाहू नये. पडदा कडेनं उचलला गेलाय, पाठ फुगलीय, किंवा गोडसर रासायनिक वास येतोय, तर आत वायू साचला आहे. चार्जर लगेच काढावा, टॅबलेट दाबू नये, टोचू नये, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा आणि बॅटरी बदलणाऱ्या जाणकाराकडे द्यावा. चार्जिंग होतंय का, हे पाहण्यासाठी तो पुन्हा एकदाही जोडू नये.