दीर्घ श्वासाने ऑक्सिजन वाढतो म्हणून टेन्शन जातं का?

"टेन्शन आलं की जोरजोरात खोल श्वास घ्या, रक्तातला ऑक्सिजन वाढतो आणि मन शांत होतं" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. पटतो, कारण दीर्घ श्वासाने बरं वाटतं हे खरंच आहे, फक्त कारण वेगळं आहे.

निरोगी माणसाची ऑक्सिजन लेव्हल आधीच ९५ ते १०० टक्के असते, मग अजून वाढणार किती? कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात असेल तर बोटाला लावून बघा, आकडा जेमतेम हलतो. उलट जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि आधीच घाबरलेला माणूस अजून घाबरतो, मला काळजी वाटते ती याचीच.

खरं काम करतो तो सावकाश सोडलेला श्वास. मनगटावर नाडी धरून बघा, श्वास घेताना ठोके जरा भरभर पडतात आणि सोडताना मंदावतात (तरुणांना हे जास्त जाणवतं), कारण सोडताना व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणारी मज्जातंतूची दोरी, हृदयाला ब्रेक लावते. म्हणून चार मोजत नाकाने घ्या, सहा मोजत सोडा, असं पाच मिनिटं. गरगरलं तर थांबा. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर मात्र हे करत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा.