पुठ्ठ्यावरचं सोनं-चांदी: फॉइलचं काम आणि रंगाचं काम

गणपती जवळ आले की घरोघरी पुठ्ठे कापायला सुरुवात होते. मुकुट, प्रभावळ, गौरींचे बाजूबंद, मखराच्या खांबांवरच्या नक्षीच्या पट्ट्या. लांबून धातू वाटावा आणि हातात घेतल्यावर पिसासारखं हलकं लागावं, अशी ही कामं. फोटोत सगळी एकसारखीच दिसतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुणी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलेली असते, कुणी सोनेरी ॲक्रेलिक रंग दिलेला असतो. बघून करणारा मात्र दोन्हींच्या कृतींची सरमिसळ करतो. फॉइलवर थेट सोनेरी रंग मारला की वाळल्यावर त्याचे पापुद्रे निघतात. पांढऱ्या पुठ्ठ्यावर सोनेरी रंग देऊन वरून काळा हात फिरवला की दागिना मळका दिसतो.

दोन्हींचं साहित्य बरंचसं सारखंच आहे: पुठ्ठा, सुतळी, फेव्हिकॉल, काळा रंग. फरक आहे तो क्रमाचा. फॉइलमध्ये चमक आयती मिळते, आपण तिला काळोख द्यायचा असतो. रंगकामात आधी काळोख घालायचा आणि त्यावर चमक चढवायची. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीच्या चुका आपोआप टळतात.

काळोख कशाला हवा, हे समजायला घरातला जुना चांदीचा करंडा किंवा अत्तरदाणी उजेडात धरून बघा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. हात लागून, पुसून उंचवट्यांवरचा थर निघून जातो, खाचांत तो तसाच राहतो. त्यामुळेच नक्षी उठून दिसते. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांत हाच काळेपणा मुद्दाम आणलेला असतो. बीदरच्या कारागिरांनी तर तो कलेच्या पदाला नेला आहे: जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूत चांदी जडवायची आणि किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने मिश्रधातू काळा करायचा, चांदी पांढरीच राहते. आपला डोळा धातू ओळखतो तो नुसत्या चकाकीवरून नाही. चकाकीच्या शेजारी अंधार आहे की नाही हेही तो बघतो. बाजारातल्या पत्र्यासारख्या चकचकीत मुकुटांत नेमकी हीच गोष्ट नसते, म्हणून ते खोटे दिसतात.

आता फॉइल. ही खरीच धातूची असते, म्हणून तिला धातूसारखं दिसायला शिकवावं लागत नाही. घरगुती फॉइलची जाडी साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर असते. म्हणजे ती वाकते छान, पण ताणली की फाटते. सगळं कौशल्य यातच आहे. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने नक्षी काढून तिच्यावर फेव्हिकॉलने सुतळी किंवा जाड दोरा बसवायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. फॉइल नक्षीपेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठी कापायची. ती हलक्या हाताने चुरगाळून पुन्हा उलगडली तर बारीक सुरकुत्या पडतात आणि उंचवट्यावर चढायला तिला थोडा वाव मिळतो. मग पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन फॉइल ठेवायची.

इथे घाई करू नये. समजा कोयरी करतोय. आधी बोटाच्या पेराने मधल्या भागावर दाबायचं, तिथून बाहेर यायचं. सुतळीच्या दोन्ही अंगांना कान साफ करायच्या कापसाच्या काडीने छोटे छोटे गोल फिरवत फॉइल खाली बसवायची. सुतळीचा पीळ फॉइलमधून उमटायला लागला की समजावं, बसली. आतले ठिपके आणि पानाच्या शिरा संपलेल्या रिफिलच्या टोकाने, कागदावर लिहितो तेवढ्याच दाबाने. दोन सुतळ्यांमध्ये निदान बोराच्या बियेएवढी जागा हवी, नाहीतर फॉइल खाली जातच नाही, वरच्यावर तंबूसारखी ताणून राहते आणि नख लागताच फुटते. कडा मागे दुमडून चिकटवायच्या. धातूतून पाण्याची वाफ जात नाही, त्यामुळे आतला गोंद पुठ्ठ्यातून आणि कडांतूनच वाळतो. पावसाळ्यात त्याला एक रात्र पुरेलच असं नाही.

फॉइलची एक बाजू लखलखीत आणि दुसरी मंद का, असं अनेक जण विचारतात. कारखान्यात शेवटच्या लाटण्यात दोन पत्रे एकत्र रुळांतून जातात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकांना लागलेल्या बाजू मंद राहतात. जुन्या चांदीच्या कामाला मी मंद बाजूच वर ठेवते. तिच्यावर सुरकुत्या कमी दिसतात.

मग काळोख. सगळ्या दागिन्याला काळा बूट पॉलिश किंवा गोंदाचे थोडे थेंब घातलेला काळा ॲक्रेलिक रंग फासायचा, खाचांत ब्रशने कोंबायचा. रंग असेल तर तो अर्धवट ओला असतानाच, बोटाभोवती ताणून धरलेल्या जुन्या सुती कपड्याने वरवरून पुसायचा. कपडा खाचेत शिरता कामा नये. ही पुसण्याची पाच मिनिटं म्हणजेच फॉइलचं खरं काम. त्याआधी समोर डब्याचं झाकण असतं आणि त्यानंतर दागिना.

चांदीचं सोनं करायचं असेल तर सोनेरी रंग लावू नये. पारदर्शक पिवळं-तपकिरी वॉर्निश लावावं, म्हणजे खालची चमक त्यातून गाळून वर येते. युक्ती जुनी आहे. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या सोनेरी चामड्यावर बहुतेक वेळा सोनं नसायचंच. चांदीच्या वर्खावर पिवळं वॉर्निश असायचं.

रंगकामाचा स्वभाव याच्या अगदी उलट. सोनेरी ॲक्रेलिकमध्ये बहुधा अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पापड्या असतात, त्यांच्यावर टायटॅनियम किंवा लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. प्रत्येक पापडी स्वतःपुरता उजेड परतवते, पण सगळ्या एका दिशेला झोपलेल्या नसतात. म्हणून रंग चमकतो, पण आरशासारखं प्रतिबिंब देत नाही. आणि हा रंग बराच पारदर्शक असतो. पांढऱ्या पुठ्ठ्यावर तो मोहरीच्या वाटणासारखा दिसतो. कितीही हात दिले तरी तसाच. खाली गडद रंग हवाच: पुरातन रूप हवं तर काळा, उबदार सोनं हवं तर विटकरी. मुलामा देणारे जुने कारागीरही सोन्याच्या वर्खाखाली लाल मातीचा थर देत, तो याच कारणाने.

रंगकामात उठाव हवा तेवढा घ्यावा, कारण इथे काही ताणायचं नसतं. ग्लू गनच्या रेषा, मणी, बाटल्यांची झाकणं, जुन्या बांगड्यांचे तुकडे, कागदाचा लगदा, सगळं चालतं. मोहरी आणि मसूरही चालतात, पण दागिना पुढच्या वर्षासाठी ठेवायचा असेल तर धान्याला कीड लागते हे लक्षात ठेवा. साबुदाणा नकोच, तो ओल्या गोंदात फुगतो. सगळ्यावर गडद रंगाचे दोन हात द्यायचे, कोपऱ्यात पांढरा ठिपकाही दिसता कामा नये. मग चपट्या ब्रशवर किंचित सोनेरी रंग घेऊन तो वर्तमानपत्रावर पुसून टाकायचा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत, आणि ब्रश आडवा धरून उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. पहिल्यांदा वाटतं, काहीच लागत नाहीये. आठ-दहा वेळा फिरवल्यावर नक्षी अंधारातून वर यायला लागते. शेवटी अगदी टोकांवर सोनेरीत थोडा चंदेरी मिसळून एक हात. ब्रशवर रंग जास्त झाला तर तो खाचेत उतरतो आणि सगळी मेहनत सपाट होते.

समोरचा दागिना कोणत्या पद्धतीचा, हे खिडकीजवळ उभं राहून कळतं. तो थोडा हलवा. फॉइलच्या सपाट भागात खिडकीचा वेडावाकडा का होईना आकार सरकताना दिसेल. रंगात नुसती झाक हलेल. देवघरात हा फरक फार मोठा होतो. निरांजनाची ज्योत हलली की फॉइलची प्रभावळ तिच्याबरोबर हलते. हे रंगाला कधीच जमत नाही, आणि म्हणून मूर्तीमागे मी फॉइलच्याच बाजूने आहे. उलट मोबाइलच्या फ्लॅशमध्ये फॉइलवर पांढरे डाग पडतात. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर, जिथे दिवे समोरून येतात, तिथे रंगवलेला मुकुट जास्त श्रीमंत दिसतो. मुलांच्या अंगावरच्या दागिन्यांनाही रंगच बरा: फॉइलला पोचा पडला की तो जात नाही, रंग उडाला तर पुन्हा ब्रश फिरवता येतो. तलवारीचं पातं मात्र फॉइलचंच हवं.

थोडक्यात सपाट, कोरीव, पत्र्यासारखं काम फॉइलला द्या. गोल, भरीव, खोल काम रंगाला. उठावावर खरा धातू चढवण्याची सर्वांत देखणी परंपरा तंजावर चित्रांत दिसते. तिथे भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत होतं आणि सरफोजीराजे दुसरे यांच्यासारख्या कलाप्रेमी राजांनी चित्रकारांना आश्रय दिला. त्या चित्रांत दागिने, कमानी चुन्याच्या भुकटीच्या लेपाने उचललेल्या असतात आणि त्यांवर सोन्याचा पत्रा बसवलेला असतो. तिथेही उठाव बेताचाच आणि गोलसर असतो, धारदार नसतो. कारण तेच, आपल्या फॉइलचं.

एकाच मुकुटात दोन्ही वापरायचं असेल, पट्टी फॉइलची आणि मणी रंगवलेले, तर दोघांचं सोनं जुळत नाही. अशा वेळी दोन्हींवर एकच पातळ तपकिरी हात देऊन पुसावा. फार फिक्या रंगछटा जुळवत बसण्यापेक्षा हा उपाय सोपा पडतो.

फॉइलच्या कामाजवळ दिव्यांची माळ सोडताना एक काळजी अवश्य घ्या. ॲल्युमिनियममधून वीज वाहते, तेव्हा उघडा जोड किंवा सोललेली वायर तिला टेकता कामा नये. आणि निरांजन दोन्ही कामांपासून दूरच, कारण आत शेवटी पुठ्ठा आहे. विसर्जनानंतर फॉइलचे दागिने वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये सपाट ठेवा, वर काही वजन नको. रंगवलेले दागिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. उन्हाळ्यात ॲक्रेलिक मऊ पडून पिशवीला चिकटतं आणि काढताना सोन्यासकट निघतं. त्यांना जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा.