मास्क कुजत नाही, त्याचा भुगा होतो

परवा पुण्यात भिडे पुलाजवळ मुठेच्या नदीपात्रातल्या झुडपात एक जुना निळा मास्क अडकलेला दिसला. काडीने ओढला तर पापडासारखा तुटला. सोबतचा मित्र म्हणाला, "बघ, कुजतोय की! कापडच ते." हा समज फार जणांचा आहे आणि तो चुकीचा आहे.

सर्जिकल मास्कचे थर पॉलिप्रॉपिलिनचे असतात. बादल्या आणि डबे होतात तेच हे प्लास्टिक. मधल्या थरासाठी ते वितळवून गरम हवेच्या झोतात उडवतात आणि साधारण १ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे तंतू करतात. जाडी २ मायक्रोमीटर धरून मी हिशोब केला: १ ग्रॅम प्लास्टिकचा तंतू साडेतीनशे किलोमीटर भरतो. पुण्याहून मुंबईला जाऊन परत यावं आणि तरी उरावा इतका! या तंतूंवर विद्युतभार चढवलेला असतो, म्हणून बारीक कण त्यांना चिकटतात. (मास्कमध्ये 'काळे किडे' वळवळतात असे व्हिडिओ २०२१मध्ये फिरत होते. ते सुटे धागे होते. स्थिर विद्युत आणि हवेची हालचाल एवढंच त्यांना हलायला पुरतं. अशा अफवांनी लोकांना नाहक घाबरवलं.)

आता ऊन काय करतं ते पाहू. पॉलिप्रॉपिलिनचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. तिच्यात एकाआड एक कार्बनला मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लटकलेला असतो आणि त्याच कार्बनवरचा हायड्रोजन सर्वांत सैल. अतिनील किरणांमुळे सुरू झालेल्या अभिक्रियेत तो निघाला की मागे मुक्तमूलक उरतो, म्हणजे एक बंध अपुरा राहिल्याने लगेच दुसऱ्याला भिडणारा तुकडा. तो ऑक्सिजन पकडून पेरॉक्सी मूलक होतो आणि शेजारचा हायड्रोजन ओढतो. त्यातून हायड्रोपेरॉक्साइड बनतं, ते उन्हात फुटतं आणि दोन नवे मूलक मोकळे होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. या धुमश्चक्रीत साखळ्या मधूनच तुटतात. लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात तोवर तंतू चिवट राहतो, त्या आखूड झाल्या की तो ठिसूळ होतो. बादलीत हे पृष्ठभागापासून हळूहळू आत सरकतं. तंतू मात्र जवळजवळ नुसता पृष्ठभागच!

म्हणजे जिवाणूंनी काही खाल्लेलं नसतं. प्लास्टिक तेवढंच राहतं, फक्त डोळ्यांना दिसेनासं होतं. अख्खा मास्क कचरावेचक उचलू शकतात, भुगा कोण उचलणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०मध्ये सांगितलेली रीत सोपी होती: मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, कापा, मग सुक्या कचऱ्यात टाका.

पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलकं असतं. पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सुटलं की पात्रातला भुगा मुठेबरोबर निघतो, पुढे भीमा, मग उजनी धरण. सोलापूरला प्यायचं पाणी तिथूनच जातं.