संशोधन एकाचं, दप्तर दुसऱ्याचं: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या कागदांची गोष्ट

एप्रिल १९४० मध्ये मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावी एका नाचघराला आग लागली आणि दोनशेहून जास्त कृष्णवर्णीय माणसं त्यात दगावली. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात संगीत शिकवणारे जॉन वर्क (तिसरे) यांच्या मनात आलं, की एवढ्या मोठ्या घटनेवर लोक गाणी रचणारच, ती जागेवर जाऊन टिपून घ्यावीत. योजना वाढत गेली, जागा बदलली, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे (हे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) लोकगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स सामील झाले आणि १९४१-४२ मध्ये मिसिसिपीतल्याच कोअहोमा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) पाहणी झाली. पुढे ब्लूज गायक म्हणून गाजलेल्या मडी वॉटर्स नावाच्या तरुण शेतमजुराचं गाणं स्टोव्हॉलच्या मळ्यावर पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते याच पाहणीत. वर्क यांनी गाण्यांचं स्वरलेखन केलं. फिस्कचेच समाजशास्त्रज्ञ लुइस जोन्स आणि विद्यार्थी सॅम्युएल अ‍ॅडम्स यांनी तिथल्या माणसांचं जगणं लिहून काढलं. वर्क यांचा मजकूर वॉशिंग्टनला गेला आणि गहाळ झाला.

वर्क १९६७ मध्ये वारले. त्यांचे कागद पुढे सापडले ते लोमॅक्स यांच्या न्यूयॉर्कमधल्या दप्तरात. त्यांचं पुस्तक निघालं २००५ साली, तेही व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून. व्हँडरबिल्ट नॅशव्हिलमध्येच आहे, पण ही पाहणी झाली तेव्हा तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. मधल्या काळात या पाहणीचं श्रेय जगाच्या लेखी जवळपास एकट्या लोमॅक्स यांच्या नावावर जमा झालं होतं.

ही घटना अपवाद म्हणून सोडून देता आली असती, तर आज एचबीसीयूंच्या संशोधनाच्या डिजिटल जतनाची एवढी चर्चा झालीच नसती. एचबीसीयू म्हणजे ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयं आणि विद्यापीठं. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने त्यांची व्याख्या ठरवली: १९६४ पूर्वी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्था. आज त्या शंभरेक आहेत. सर्वांत जुनी पेनसिल्व्हेनियातली चेनी, १८३७ ची. बहुतेक बाकीच्या यादवी युद्धानंतरच्या: अटलांटा १८६५, फिस्क १८६६, हॉवर्ड १८६७, टस्कीगी १८८१. पुढे १८९० च्या मॉरिल कायद्याने राज्यांना दोनच वाटा ठेवल्या. सरकारी कृषी महाविद्यालयात सर्वांना घ्या, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळं काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळं काढलं आणि पैसे देताना हात आखडता घेतला. तो आखडलेला हात अजून पुरता सैल झालेला नाही. २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण आणि कृषी खात्याच्या मंत्र्यांनी १६ राज्यपालांना पत्रं लिहिली. १९८७ ते २०२० या काळात या संस्थांना मिळायला हवे होते त्यापेक्षा १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी मिळाले, असा त्यातला हिशेब होता.

अशा ओढगस्तीतही संशोधन होत होतं, आणि त्यातलं बरंचसं दुसरीकडे कुणी करतच नव्हतं. अटलांटा विद्यापीठात १८९६ पासून दरवर्षी कृष्णवर्णीयांच्या जीवनावर परिषद भरे. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस तिथे आले आणि आरोग्य, धंदे, शाळा, चर्च असा एकेक विषय घेऊन पाहणी अहवाल निघू लागले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले सांख्यिकी तक्ते आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. पण संकेतस्थळ लायब्ररी ऑफ काँग्रेसचं आहे. तसंच टस्कीगीचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांचं दप्तर १९४३ मध्येच तिकडे गेलं. खुद्द द्यु बॉइस यांच्या कागदांचा मोठा भाग १९७३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेने घेतला. ते त्यांचं जन्मराज्य हे खरं, पण तिथे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं.

याच अ‍ॅमहर्स्टच्या संग्रहात मराठी वाचकाने जरूर पाहावं असं एक पत्र आहे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी द्यु बॉइस यांना लिहिलं, की अमेरिकेतल्या निग्रोंची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे. नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. द्यु बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिलं. मूळ पत्र स्कॅन होऊन जालावर आल्यामुळे नागपूरचा किंवा औरंगाबादचा विद्यार्थी आज ते घरबसल्या वाचतो. अ‍ॅमहर्स्टने काम चोख केलं, यात वादच नाही. प्रश्न एवढाच, की तेवढा निधी आणि तेवढी माणसं अटलांटाच्या ग्रंथालयाला कधी मिळाली?

टस्कीगी म्हटलं की आपल्याकडे आधी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवतात. त्यांच्या शेतीविषयक पत्रिका वाचल्या, कारण त्या शेतकऱ्यांत वाटण्यासाठीच छापलेल्या होत्या आणि प्रती अनेक ठिकाणी पोचल्या होत्या. (टस्कीगीतल्या त्यांच्या नावाच्या संग्रहालयाला मात्र १९४७ मध्ये आग लागून बरंच काही गेलं.) कमी परिचित, पण माझ्या मते अधिक मोलाचं काम तिथल्या मन्रो वर्क यांचं. १९०८ मध्ये टस्कीगीत नोंदी आणि संशोधनाचा विभाग निघाला, तो यांच्या हाती आला. देशभरची वर्तमानपत्रं मागवायची, कात्रणं कापायची, विषयवार लावायची आणि जमावाने केलेल्या प्रत्येक हत्येची नोंद ठेवायची, हा तिथला नित्यक्रम. १८८२ ते १९६८ या काळातल्या ४,७४३ हत्या, त्यांतल्या ३,४४६ कृष्णवर्णीयांच्या, हा आकडा जगभर उद्धृत होतो. तो टस्कीगीच्या या नोंदींतून आलेला आहे. कात्रणं पुढे मायक्रोफिल्मवर घेतली गेली. वर्तमानपत्राचा कागद मुळात टिकाऊ नसतो, त्यामुळे ते झालं नसतं तर आज स्कॅन करायला फारसं उरलं नसतं.

पण कागद वाचला म्हणजे सापडतोच असं नाही. हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून डोरोथी पोर्टर ग्रंथपाल होत्या. त्या काळी अमेरिकन ग्रंथालयांत ड्यूई दशांश पद्धत सर्रास चाले आणि कृष्णवर्णीयांशी संबंधित पुस्तकं तिच्यात दोनच घरांत कोंबली जात: ३२५ म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, ३२६ म्हणजे गुलामगिरी. एखाद्याचा कवितासंग्रह असला तरी कवी काळा म्हणून तो ३२५ मध्ये! पोर्टर यांनी हे मोडीत काढलं. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, वैद्यक वैद्यकात, अशी मांडणी त्यांनी केली. खरेदीला पैसे नसत, तेव्हा प्रकाशकांना आणि लेखकांना पत्रं लिहून पुस्तकं मागून घेतली. १९७३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोवर हॉवर्डचा हा संग्रह देशातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक झाला होता. आजचे मेटाडेटाचे, म्हणजे डिजिटल नोंदीत वस्तूचं वर्णन कोणत्या शब्दांत करायचं याचे, वाद ऐकताना पोर्टरबाईंची आठवण येते. जुन्या सूचीतले शब्द जसेच्या तसे डिजिटल नोंदीत उतरवले, की जुनी कोंडी नव्या यंत्रात शिरते.

सर्वांत अवघड माल म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रबंध. हॉवर्डची पहिली पीएचडी १९५८ ची, रसायनशास्त्रातली. त्याआधीचं या संस्थांतलं पदव्युत्तर संशोधन मुख्यतः एमएच्या प्रबंधांत आहे. एखाद्या काउंटीतल्या शाळा, एखाद्या गिरणीतले मजूर, दायांची पद्धत असे बारकाईचे विषय त्यांत येतात. टाइप केलेली मूळ प्रत आणि एखाद-दुसरी कार्बन कॉपी, एवढाच त्यांचा पसारा. व्यापारी मायक्रोफिल्म कंपन्यांचं लक्ष मुख्यतः पीएचडीवर होतं, म्हणून हे प्रबंध आपापल्या ग्रंथालयाच्या कपाटातच राहिले. कपाटाचा तरी काय भरवसा? डॅलसचं बिशप कॉलेज १९८८ मध्ये बंद पडलं, व्हर्जिनियातलं सेंट पॉल्स २०१३ मध्ये. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड आणि झेवियर विद्यापीठांत पाणी शिरलं.

संघटित प्रयत्न सुरू झाले ते २००२ मध्ये एचबीसीयू लायब्ररी अलायन्स स्थापन झाल्यावर. मेलन फाउंडेशन या दानसंस्थेच्या पैशातून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं आणि संस्थांच्या स्थापनेच्या कागदपत्रांचा सामायिक डिजिटल संग्रह तयार झाला. तो अटलांटाच्या रॉबर्ट वुड्रफ ग्रंथालयाने सांभाळला. चार संस्थांचं हे सामायिक ग्रंथालय. त्याने अटलांटा विद्यापीठाचे जुने प्रबंधही स्कॅन करून खुले केले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे कागद २००६ मध्ये लिलावात निघणार होते, तेव्हा शहरातल्या लोकांनी ३.२ कोटी डॉलर उभे करून ते मोरहाउस कॉलेजसाठी घेतले, तेही इथेच आहेत. २०२३ मध्ये हार्वर्डने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांच्या परिमार्जनाचा भाग म्हणून अलायन्सला ६० लाख डॉलर देऊ केले. रक्कम हार्वर्डच्या मानाने किरकोळ, पण ती अलायन्सच्या हाती पडते आणि ग्रंथालयांची स्वतःची क्षमता वाढवण्यासाठी आहे, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

यंत्र आणून काम भागत नाही. कार्बन कॉपीवरची पुसट अक्षरं अक्षरओळख सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाहीत, मग कुणीतरी ओळ न् ओळ तपासावी लागते. फाइलींच्या प्रती वेगवेगळ्या शहरांत ठेवाव्या लागतात, त्या शाबूत आहेत का हे ठरावीक काळाने पडताळावं लागतं, आणि अनुदान संपलं तरी सर्व्हरचं भाडं चालूच राहतं. शिवाय कॉपीराइट आहे. अप्रकाशित लिखाणावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. १९५० च्या दशकात एमए झालेली एखादी शिक्षिका २००० साली वारली असेल, तर तिच्या प्रबंधावरचा हक्क २०७० अखेरपर्यंत वारसांकडे राहतो, आणि ते वारस शोधत बसायला ग्रंथालयाकडे माणूस नसतो.