फोन हिसकावल्यानं दुखणं जात नाही

कापूस वेचणीचे दिवस. आईबाप सकाळीच वावरात गेलेले असतात आणि नववीतली पोरगी म्हणते, "माय, पोट दुखते, आज शाळेत नाही जात." दवाखान्यातून गोळ्या आणल्या तरी दुखणं थांबत नाही. गॅदरिंगमधल्या नाचाचा तिचा फोटो कुणीतरी उचलून, खाली घाणेरडं लिहून, बनावट इन्स्टाग्राम खात्यावर टाकलेला असतो, आणि शाळकरी मुलींसाठीच्या मानव विकासच्या निळ्या एसटीतून उतरली की स्टँडवरची पोरं तोच फोटो बघून हसतात. यवतमाळ-वाशीमकडच्या लहान गावात त्रास देणारा बहुधा ओळखीतलाच निघतो. फोन बंद केला तरी तो चौकात भेटतोच.

तिची पोटदुखी खोटी नसते. धोका जाणवला की शरीरात कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि आतड्यांची हालचाल बिघडते. धोका रोजचाच झाला, तर पोट, डोकं, झोप सगळ्यांवर परिणाम होतो.

"दुर्लक्ष कर" हा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो का चालत नाही, हे किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाच्या 'सायबरबॉल' प्रयोगांतून कळतं. संगणकावर तिघांनी चेंडू टाकायचा साधा खेळ. थोड्या वेळानं बाकीचे दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. एवढ्यानंही माणूस दुखावतो. समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, हे आधी सांगितलं तरी दुखावतो! 2003 साली नाओमी आयझेनबर्गर यांनी हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. शारीरिक वेदनेचा त्रास जाणवताना मेंदूचा जो भाग सक्रिय होतो, तो इथंही सक्रिय झाला होता. या भागाला इतरही कामं असतात, त्यामुळे दोन्ही वेदना अगदी एकच आहेत असं म्हणता येणार नाही. पण 'मनावर घेऊ नको' म्हटल्यानं ती थांबत नाही, हे नक्की.

सारा-जेन ब्लेकमोर यांच्या लंडनमधल्या गटानं 2010 मध्ये हाच खेळ किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना दिला. वगळलं गेल्यावर मुलींची मनःस्थिती जास्त ढासळली. या वयात भावना तीव्र असतात आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यात तेच तेच मनात घोळवत बसण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळतं, आणि त्यातून नैराश्याकडे जाण्याचा धोका वाढतो.

मग ती घरी सांगत का नाही? कारण पुढचं वाक्य तिला पाठ असतं: "पोरीच्या जातीले मोबाईल कायले पाहिजे?" फोन जाईल, मग शाळा सुटेल, मग स्थळं बघायला लागतील. ही भीती खरी आहे, आणि मला वाटतं, त्या फोटोइतकंच नुकसान ती करते.

अमेरिकेत 2010 मध्ये 7 ते 12 वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावून ताण दिला. नंतर काहींना आईनं जवळ घेतलं, काहींशी आई फक्त फोनवर बोलली. आईशी संपर्कच न झालेल्या मुलींपेक्षा या दोन्ही गटांत कॉर्टिसोल लवकर उतरलं. पुढच्या अभ्यासात आईनं नुसते मेसेज पाठवले, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. वय वाढलं की आईबापांच्या आधाराचा शरीरावरचा हा परिणाम कमी होत असावा, असंही नंतर आढळलंय. तरी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या लेकीला मेसेज टाकून थांबू नका. फोन लावा, बोला.

आणि पोरीनं तोंड उघडलंच, तर आधी खात्याच्या नावासकट स्क्रीनशॉट घ्या. रागाच्या भरात काही डिलीट करू नका. 1930 ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन, 1098 मुलांसाठी. टेलि-मानसच्या 14416 वर मनाच्या त्रासाबद्दल मराठीत, फुकट बोलता येतं. नग्न किंवा अर्धनग्न फोटो पसरायची भीती असेल, तर अठराच्या आतल्या मुलींसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. त्याचा सांकेतिक ठसा फोनमध्येच तयार होतो आणि तो पाहून इन्स्टाग्राम, फेसबुक तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला घरचे घाबरतात. लैंगिक हेतूनं अल्पवयीन मुलीचा ऑनलाइन पाठलाग करणं हा बाल लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे, आणि याच कायद्यानुसार तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो.