डीसीआयएसच्या ऑपरेशननंतर: रेडिएशन आणि हार्मोनची गोळी
मॅमोग्राफीत कॅल्शियमचे बारीक कण दिसतात, बायोप्सी होते आणि अहवालात ‘डीसीआयएस’ असे येते. कर्करोगाच्या पेशी दुधाच्या नलिकेतच आहेत, तिची भिंत ओलांडून बाहेर पडलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ. स्तन राखून तेवढाच भाग काढला गेला, की ठाण्यातल्या घराघरांत पुढचा प्रश्न बहुधा असा विचारला जातो: आता शेक (रेडिएशन) घ्यायचा, की हार्मोनच्या गोळ्यांवर भागेल? जणू दोन्ही उपचारांचे काम एकच आहे आणि त्यांतला सोपा तेवढा निवडायचा आहे. वस्तुस्थिती तशी नाही.

रेडिएशनचे काम ऑपरेशन झालेल्या स्तनापुरते असते. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ असल्या (डीसीआयएसमध्ये साधारण २ मिलिमीटरची मोकळी कड पुरेशी धरतात), तरी उरलेल्या नलिकांत न दिसणाऱ्या पेशी असू शकतात. किरणांचा रोख त्यांच्यावर असतो. या विषयावरील चाचण्यांचे २०१० साली झालेले एकत्रित विश्लेषण सांगते, की रेडिएशन न घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के जणींना दहा वर्षांत त्याच स्तनात पुन्हा आजार झाला, तर घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. परतणाऱ्या आजारांपैकी जवळपास निम्मे नलिकेबाहेर पसरणारे असतात, म्हणून हा फरक किरकोळ मानता येत नाही. मात्र स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि ही गोष्ट रुग्णाला निर्णयाआधीच स्पष्ट सांगायला हवी असे मला ठामपणे वाटते. भीतीपोटी होकार देणे आणि पुन्हा आजार होण्याची शक्यता निम्म्यावर आणण्यासाठी विचारपूर्वक होकार देणे यांत फार अंतर आहे. वय जास्त, गाठ लहान, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात याची पातळी) कमी आणि कडा भरपूर मोकळ्या असतील, तर रेडिएशन टाळण्याचा विचारही डॉक्टरांशी मोकळेपणाने करता येतो.

गोळीचा मार्ग निराळा आहे. टॅमॉक्सिफेन ही नेहमी दिली जाणारी गोळी रक्तावाटे सर्व शरीरात जाते आणि इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला पेशीवर काम करू देत नाही. त्यामुळे तिचा उपयोग ऑपरेशन झालेल्या स्तनाला होतो तसाच दुसऱ्या, निरोगी स्तनालाही होतो. रेडिएशन हे दुसरे काम करू शकत नाही. उलट, पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर (ते हार्मोन जिथे चिकटते ती स्थाने) नसतील, तर गोळीपासून लाभाची अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून बायोप्सीच्या अहवालात ‘ईआर’ची (इस्ट्रोजेन रिसेप्टरची) नोंद आहे का, हे आधी पाहावे आणि नसेल तर विचारून घ्यावे. नेहमीचा डोस रोज २० मिलिग्रॅम, पाच वर्षे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत ५ मिलिग्रॅमचा डोस तीन वर्षे देऊनही पुन्हा आजार होण्याचे प्रमाण निम्म्याने घटले. पाळी कायमची थांबलेल्या स्त्रियांना ॲनास्ट्रोझोल या दुसऱ्या हार्मोनविरोधी गोळीचा पर्याय असतो. गोळीनेही आयुर्मान वाढल्याचे डीसीआयएसमध्ये सिद्ध झालेले नाही.

त्रासही वेगवेगळे आहेत. रेडिएशनमध्ये त्वचा लाल होते, थकवा येतो, आणि डाव्या बाजूला हृदय जपण्यासाठी श्वास रोखून धरण्याची पद्धत वापरतात. हा उपचार साधारण तीन ते चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. खारघरला टाटा स्मारकाच्या ॲक्ट्रेक केंद्रात उपचार ठरला, तर ठाण्याहून पनवेल लोकलने रोजचे जाणे-येणे आणि सोबतीला कोण येणार, हे आधीच ठरवावे लागते. गोळीला प्रवास लागत नाही, म्हणून ती हलकी वाटते. पण अंगातून गरम वाफा येणे वर्षानुवर्षे चालू राहू शकते, क्वचित पायात रक्ताची गुठळी होते, पाळी गेलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते, आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भधारणा टाळावीच लागते. ॲनास्ट्रोझोलने सांधे दुखतात, हाडे विरळ होतात. अनेक जणी गोळी मध्येच बंद करतात. परस्पर बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घेणे कितीतरी बरे.

निव्वळ डीसीआयएसमध्ये केमोथेरपी देत नाहीत. संपूर्ण स्तन काढला असेल, तर सहसा रेडिएशनही लागत नाही, आणि गोळीचा विचार मुख्यतः दुसऱ्या स्तनासाठी होतो. त्या स्तनाची मॅमोग्राफी मात्र दरवर्षी करून घ्यावी लागते.